हिंगुळाची बशी

मी एक बशी. कपाची सोबत मला सहाच दिवस लाभली.

१९६८ साली नजमाच्या लग्नात तिच्या वडिलांनी रविवार पेठेतून सहा कपबश्या आणल्या. पांढऱ्या, काठाला निळी रेघ. सातव्या दिवशी तिचा नवरा मकसूद मला उचलून घेऊन गेला. तो माणसांची चित्रं रंगवायचा.

"अहो, मग कपाखाली काय धरू?"

"हात."

बुधवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत माझ्या वाट्याला फक्त लाल रंग आला. मकसूद हिंगुळाचा खडा खलात लिंबाच्या रसात घोटायचा. मग पाणी ओतायचा, वर आलेलं पिवळट पाणी फेकायचा, पुन्हा घोटायचा. तळाचा लाल गाळ माझ्यात यायचा. त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी, थेंबाथेंबाने. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. ओल्या रंगावर त्याचा विश्वास नव्हता. कागदाच्या तुकड्यावर फटकारा मारून तो वाळेपर्यंत विडी ओढत बसायचा.

हिंगुळात पारा असतो. त्यामुळे मी पुन्हा चुलीकडे जायचं नाही, अशी नजमाला ताकीद होती.

१९७४ साली शाळेत शिकवणाऱ्या कुसुमबाई धाकट्या बहिणीला, उल्काला, घेऊन आल्या. उल्का लाल शाल पांघरून चार दिवस समोर बसली. हिंगुळात चिमूटभर गेरू घातल्यावर शालीचा लाल जमला. चित्र संपलं तेव्हा मकसूदने मला पालथं घातलं. माझ्या तळाच्या कड्याआत थोडा खळगा आहे, तिथे त्याने उरलेला रंग लिंपून वाळवला.

"असा परत जमेल न जमेल. खालून धुवायची नाही," तो नजमाला म्हणाला.

पुढे तो हे विसरला. नजमाला कारण आठवत नसे, पण ती मला वरूनच धूत राहिली.

उल्का पुढच्याच वर्षी तापाने गेली.

२००९ साली कुसुमबाई तेच चित्र रिक्षातून घेऊन आल्या. भिंतीच्या ओलीने खांद्यावरचा रंग रुपयाएवढा सुटला होता.

"मकसूदभाई, एकाला दाखवलं. त्याने कागदावर लाल लावून आणला. टोमॅटोचं सार सांडल्यासारखा."

"मी करतो, बाई."

"जमत नसेल तर तसं सांगा. भोक चालेल. परका लाल तिच्या अंगावर नको."

मकसूदच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तीन दिवस तो रंग कालवत होता. वाळलेला तुकडा शालीला लावून धरायचा आणि नजमाला विचारायचा.

"जमला?"

"नाही."

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, हा तर विटेचा रंग."

मकसूदने कुंचले धुतले आणि दोरीने बांधायला घेतले. "बाईंना निरोप दे, चित्र घेऊन जा म्हणावं. मला आता लाल दिसत नाही. झालं काम माझं."

नजमाने मला मोरीत नेलं. वरून धुतलं, सवयीने पाठीला पाणी लागू दिलं नाही. मग तिचा हात थांबला. तिने मला तशीच परत आणली आणि त्याच्यापुढे पालथी ठेवली.

मकसूद बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग त्याने पाण्याचा एक थेंब सोडला. पस्तीस वर्षांचा डिंक हळूहळू विरघळला आणि लाल वर आला.

कुठे सुरू, कुठे थांबायचं, ते नजमा सांगत होती. हात त्याचा होता. तो चुकला नाही.

कुसुमबाईंनी चष्मा वर-खाली करून बघितलं.

"भोक कुठे होतं हो?" एवढंच म्हणाल्या.

मकसूदने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. कुंचले पुन्हा सुटले. हिंगूळ मात्र त्याने परत घोटला नाही. लाल आता ट्यूबमधून येतो.

माझी पाठ कोरी झाली आहे. मी कपाटात असते. घरी आलेली पाहुणी मला बघते आणि नजमाच्या कपाखाली ठेवायला उचलते. दिसते मी पांढरी. पण एक्केचाळीस वर्षांचा हिंगूळ माझ्या बारीक तड्यांत मुरला आहे. तेव्हा माझ्यात कुणी चहा ओतू नये.

कपाखाली हात धरावा. नजमा अजून तोच धरते.