गाभ्याचं प्रथिन

रॅकमध्ये नऊ नळ्या होत्या. आठ नळ्यांवर सकाळच्या रुग्णांच्या चिठ्ठ्या होत्या, नववी रिकामी. तिने ती उचलली, सुयांचा खण उघडला आणि बारीक सुई बाजूला सारून एकवीस नंबरची घेतली.

"एवढी जाड?" खुर्चीत बसलेले भावजी म्हणाले. "मेहुणीबाई, रक्त काढताय की विहीर खणताय?"

"मूठ आवळा."

ताई दाराशी उभी होती. बाबा गेल्यापासून दोघी बहिणी एकमेकींशी कामापुरतंच बोलत. आज मात्र ताईच नवऱ्याला प्रयोगशाळेत घेऊन आली होती. "एकदाचा निकाल लागू दे," ती फोनवर म्हणाली होती. "मग आईसमोर तू तरी गप्प बसशील, नाहीतर आम्ही."

भांडण एका जेवणाचं होतं. चार महिन्यांपूर्वी भावजी बाबांच्या शेजारी बसून जेवले आणि जेवताना खोकले. घसा धरलाय, म्हणाले. त्याच आठवड्यात बाबांना कोरोनाचा ताप आला. पहिल्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेलं, तिथून ते परतले नाहीत. बदललेल्या मूत्रपिंडासाठी त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती. लस घेऊनही त्यांच्या शरीरात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं जेमतेम तयार झाली होती. बाबांची भिंत म्हणजे आपण, असं ती घरात प्रत्येकाला बजावत असे. भावजींना तर दोनदा बजावलं होतं.

तिने सुई घातली. भावजींनी ओठ दाबले, पण हात हलवला नाही.

"मला झाला असता तर लपवला असता का मी?" ते म्हणाले. "मला साधी सर्दी झाली तरी अख्ख्या गल्लीला कळतं."

"तेवढं मात्र खरं," ताई म्हणाली.

तिने कापूस दाबून धरायला सांगितला आणि नळीवर चिठ्ठी चिकटवली. रक्त साकळेपर्यंत थांबावं लागणार होतं.

"पण लस तर ह्यांनीही घेतलीय," ताई म्हणाली. "प्रतिपिंडं निघणारच. मग तू म्हणशील, बघा, झाला होता."

"नाही म्हणणार. आपण सगळ्यांनी जी लस घेतली ना, ती शरीराला विषाणूचे फक्त काटे दाखवते. त्यामुळे काट्यांविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या सगळ्यांत सापडणार. पण खरा विषाणू शिरला की शरीराला त्याच्या गाभ्यातलं प्रथिनही दिसतं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं लसीने येत नाहीत. मी तीच मोजणार आहे."

"म्हणजे खोटं बोलायला जागा नाही."

"कुणालाच नाही."

पुढचं वाक्य तिने कधीचं तयार ठेवलं होतं. ते आईसमोर म्हणायचं होतं, भावजींच्या हातात कागद देऊन, हळू आवाजात. त्यात 'मारलंत' हा शब्द होता. कधी तो शेवटी ठेवावा असं तिला वाटे, कधी सुरुवातीला.

आतून मॅडम आल्या. प्रयोगशाळा त्यांची होती आणि किटमध्ये येणाऱ्या तयार नमुन्यांवर त्यांचा फारसा भरवसा नसे. नवं किट उघडलं की लस घेतलेल्या, पण आजार न झालेल्या माणसाचं रक्तही सोबत लावायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. त्याचा आकडा खालीच आला पाहिजे. तो वर गेला तर इतरांचे निकालही द्यायचे नाहीत.

"आपला साठवलेला निगेटिव्ह संपलाय," मॅडम म्हणाल्या. "कुणाचं घ्यायचं?"

"माझं घ्या."

"नक्की?"

"ना ताप आला, ना खोकला. त्या दिवसांत रोज लोकांच्या नाकातून स्वॅब घेत होते, तरी साधी शिंक नाही. घरी गेल्यावर आधी आंघोळ, मग बाबांचं जेवणखाण."

"चाचणी केली होतीस?"

"लक्षणंच नव्हती, मॅडम."

मॅडमनी तिचं रक्त काढलं. त्यांनी बारीक सुई घेतली.

यंत्र सुरू झालं तेव्हा ताई आणि भावजी बाहेरच्या बाकावर होते. पडद्यावर आकडे एकेक करून उमटू लागले. मर्यादा १.० होती. त्याहून जास्त म्हणजे आजार होऊन गेलेला. सकाळचे आठ आकडे तिने नुसते सरकवले. भावजींचा आकडा आला: ०.०८.

ती पडद्याजवळ सरकली. चिठ्ठीवरचा क्रमांक तिने ताडून पाहिला, पुन्हा पाहिला. मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली आणि तिने श्वास सोडला.

"मॅडम, किट खराब आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात जवळजवळ आनंद होता. "निगेटिव्हच वर गेलाय."

मॅडम आल्या. त्यांनी सकाळचे आकडे सावकाश वाचले. "ज्यांना होऊन गेला त्यांचे वर आहेत. बाकीचे खाली. किटला काही झालेलं दिसत नाही." मग त्या म्हणाल्या, "तरी जुन्या किटमधलं उरलंय थोडं. त्यावर दोघांचं लावून बघ."

तिने दोन्ही नळ्यांतून पुन्हा नमुना घेतला. पिपेटचं टोक दोनदा नळीच्या काठाला लागलं. ती टोकं टाकून तिने नवी लावली.

दार किलकिलं करून ताईने डोकावलं. "आलं का गं?"

"थांब जरा."

जुन्या किटवर भावजींच्या नळीचा आकडा ०.०९ आला. तिच्या स्वतःच्या नळीचा ३१.४.