दाढ आणि झुळूक

‘झुळूक’ने पुन्हा पैज वाढवली आणि ताईंनी पुन्हा पत्ते टाकून दिले.

जेवणाची सुट्टी होती. कवळ्या बनवायच्या त्या छोट्या कार्यशाळेत प्लास्टरची पूड खिडकीच्या उजेडात तरंगत होती. ताईंचा डबा अर्धा उरला होता आणि पोकरचा डाव चालू असलेला मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. हातात राणी आणि नव्वी. त्यावर कोण पैसे लावतं?

“हरलात?” शेजारच्या पॉलिशवाल्याने विचारलं.

“हरले नाही. खेळलेच नाही.”

“रोज तेच सांगता की!”

ताई हसल्या. वरखालच्या दातांचा चावा नीट बसतो का, ते तीनतीनदा तपासल्याशिवाय त्यांनी कधी कवळी हातावेगळी केली नव्हती. खात्री झाल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काहीच केलं नव्हतं. लग्नसुद्धा, म्हणून तेही राहून गेलं.

पोकर त्यांना धाकट्या बहिणीने शिकवलं होतं. घोटा मोडून ताई घरी पडून होत्या, तेव्हा ती रोज येऊन उशाशी बसायची. हातात दोन पत्ते, मधे उघडे पाच, कधी पैज वाढवायची, कधी सोडून द्यायचं. “एकच लक्षात ठेव, ताई. भारी पत्ते आल्याशिवाय बोट लावायचं नाही. थांबायचं. थांबणं तुला छान जमतं.” ताईंचं खेळातलं ‘दाढ’ हे नावही धाकटीनेच ठेवलं होतं. “आणि आमच्या घरी बोलू नकोस हं. जुगार खेळता म्हणून ऐकून घ्यावं लागेल.”

पुढे काही महिन्यांनी मोबाइलवरच्या त्या टेबलावर झुळूक नावाचं कुणीतरी येऊन बसू लागलं. इतरांशी जपून खेळायचं, पण दाढ डावात असली की बेधडक पैज वाढवायचं. रकमा किरकोळ असायच्या. ताई मनाशी म्हणायच्या, या माणसाला पत्ते तरी किती चांगले येतात!

रविवारी त्या धाकटीकडे जेवायला गेल्या. आईवडिलांचंच ते घर, आता धाकटीचं. धाकटी आत पोळ्या करत होती आणि तिचा नवरा बाहेर ताईंना पाणी देता देता गप्पांच्या भरात आला.

“आमच्या बाईसाहेबांना काय नाद लागलाय, माहितीये? मोबाइलवर पोकर! काल पकडली मी तिला. आणि वर मलाच शिकवते. म्हणे, ब्लफ मारायला आपण शूर असायची गरज नाही, समोरचा भित्रा असला की पुरतं. एक गिऱ्हाईक पकडून ठेवलंय तिने. दाढ म्हणून. हातात दमडीचे पत्ते नसले तरी ही पैज वाढवते आणि ती दाढ पळ काढते. मी म्हटलं, दाढ आणि इतकी ढिली?” तो मनापासून हसला. “तुमच्याच लायनीतलं कुणीतरी असणार बघा, ताई.”

“असेल,” ताई म्हणाल्या. “आणि हिचं नाव काय आहे तिथे?”

“झुळूक.”

आतून धाकटीची हाक आली. ताई जेवायला बसल्या. आमटी छान झालीय म्हणाल्या. पोळी मात्र एकच घेतली.

सोमवारी झुळूक नेहमीसारखी टेबलावर होती. ताईंनी दोन-तीन डाव सवयीने सोडले. मग दुर्री आणि सत्ती आली, वेगवेगळ्या रंगांची. याहून वाईट पत्ते नसतात. झुळूकने पैज वाढवली. ताईंनी त्यावर वाढवली. मधले पत्ते उघडले. त्यांतला एकही ताईंच्या कामाचा नव्हता. त्यांनी समोरचं होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकललं.

झुळूक थांबली. पडद्यावरचं घड्याळ सरकत राहिलं. दाढेने सगळं लावलं म्हणजे तिच्याकडे राजांची जोडी असणारच, हा विचार पलीकडे कसा चालला असेल, ते ताईंना अगदी ऐकू येत होतं. शेवटी झुळूकने पत्ते टाकले.

जिंकणाऱ्याला पत्ते दाखवायची सक्ती नसते. ताईंनी दाखवले.

“अहो ताई, काय केलंत हे!” पॉलिशवाला मागून ओरडला. “दुर्री-सत्तीवर?”

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. आनंद म्हणावा असं त्या जिंकण्यात काही नव्हतं. इतकं सोपं असतं तर हे, त्यांना वाटलं. समोरचा माणूस आपल्याला पुरता ओळखत असला की झालं.

झुळूकची जागा रिकामी झाली. संध्याकाळी धाकटी दारात उभी होती.

“कळलं तर तुला.”

“बस. चहा टाकते.”

“अगं, खेळच तर आहे तो. दुसऱ्या कुणी लुटण्यापेक्षा मी बरी की नाही? सगळे परत देते, हवं तर.”

“पैशांचं काही नाही. मला थांबायला तूच शिकवलंस.”

“मी कसली शिकवतेय? तू थांबतेसच. खरं सांगू? समोर तू असलीस की मोह आवरत नाही मला. जरा आवाज चढवला की तू सोडून देतेस. लहानपणापासून.”

ताईंनी गॅस बंद केला, चहा गाळला, कप तिच्यापुढे ठेवला. आई गेल्यावर घराच्या वाटणीचा विषय निघाला, तेव्हाही असाच चहा होता. वकील केलाय, लढायचं तर लढ, धाकटी म्हणाली होती. ताईंनी आठवड्याच्या आत सही करून दिली आणि या भाड्याच्या दोन खोल्यांत आल्या.

“एक विचारू?”

“विचार ना.”

“घराच्या वेळी तू वकील केला होतास. तो होता का गं?”

धाकटीने कप थोडा दूर सरकवला.

“किती वर्षं झाली त्याला, ताई,” ती म्हणाली.

कोर्टात जायला निघालेल्या बहिणीला ताईंनी केव्हाच माफ करून टाकलं होतं. रागाच्या भरात माणूस करतो असं. समोर बसलेली बहीण मात्र रागावलेली कधी नव्हतीच; तिने नुसती पैज वाढवली होती. हिच्यापाशी कुठून सुरुवात करायची, ते त्यांना कळेना.

धाकटी चहा तसाच ठेवून उठली. दारात सँडलचा पट्टा लावत बराच वेळ वाकून राहिली. दर वेळी ती निघाली की ताई म्हणायच्या, पोहोचलीस की फोन कर. ते ऐकूनच ती जिना उतरायची. आज ती सरळ झाली आणि ताईंकडे बघत उभी राहिली.

ताईंनी जिन्यातला दिवा लावला. तिची पावलं खालपर्यंत पोहोचेतो बटणावर हात ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. ‘फोन कर’ मात्र म्हणाल्या नाहीत.