नऊ दिवस शिवराक

"निघाली! निघाली!" मिठबावच्या मांडवात एकच ओरडा झाला. ना सुरी, ना टाका! गाठीमहाराजांनी एका म्हाताऱ्याच्या पोटावर कापूस दाबला, डोळे फिरवले आणि लालभडक गाठ उपसून ताटात टाकली. दुसऱ्या क्षणी ती निखाऱ्यांत गेली. दुष्टाला उघड्यावर ठेवू नये म्हणे. बायकांनी पटापट हात जोडले.

पुढचा नंबर सीतेचा होता. तिच्या छातीत, काखेजवळ गाठ होती. देवगडच्या डॉक्टर गौरजांनी तुकडा तपासून सांगितलं होतं, "गाठ वाईट आहे. म्हणजे आपल्याच पेशी वाढायचं थांबत नाहीत, आजूबाजूला घुसतात, अंगात दुसरीकडे जाऊन रुजतात. त्याआधीच काढू. दोन आठवड्यांनी, गुरुवारी या."

तिच्या नवऱ्यानं, परशुरामनं, त्यातला 'वाईट' एवढाच शब्द धरला आणि तो महाराजांकडे नेला. महाराजांना तेवढंच हवं होतं.

"कॅन्सरबिन्सर ही इंग्रजी नावं, बेटा. मूळ एकच, मत्सर! घरातली धाकटी बाई बघा. आणि नऊ दिवस शाकाहार, तुमचं ते शिवराक. मासळीचा वाससुद्धा नको!"

घरात धाकटी एकच, सीतेची जाऊ संचिता. नऊ दिवस परशुरामनं तिच्या हातचा चहा घेतला नव्हता. ऑपरेशनचं नाव काढलं की तो उठून बागेत जाई. सीतेला कापून घ्यायची भीती होतीच. नुसत्या कापसानं भागलं तर कोणाला नको होतं? म्हणून ती आली होती.

महाराजांनी तिच्या काखेखाली कापूस दाबला, हुंकार दिला आणि लाल गोळा ताटात टाकला. परशुरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

सीतेच्या नाकात मात्र दुसरंच काही शिरलं. मालवणी बाईला नऊ दिवस शिवराक ठेवायचं आणि मग तिच्या नाकाखाली हे आणायचं? महाराज घाटावरचे, त्यांना काय ठाऊक! त्यांचा हात निखाऱ्यांकडे वळायच्या आत तिनं गोळा उचलला आणि पाण्याच्या तांब्यात बुडवला. कुंकू सुटलं. खाली माशाच्या अंड्यांची पिवळसर, दाणेदार पाकळी उरली.

"महाराज, ही बांगड्याची गाबोळी! तीस वर्सां मासे साफ करतंय मी."

"पापी! देवकार्यात विघ्न..."

"थांबा ओ." तिनं त्यांच्या मांडीखालची कापसाची गुंडाळी ओढली. आतून आणखी तीन गाबोळ्या घरंगळल्या. पुढच्या बायका वाकल्या, त्यांनी वास घेतला आणि नाकाला पदर लावला.

सीतेनं काखेखाली बोट दाबलं. "आनी माजी गाठ हयच आसा. होती तितकीच."

परशुराम पुटपुटला, "पण डॉक्टरीनच वाईट म्हणाली मां?"

"वाईट म्हणजे पसारणारी! तिका कोणाचो राग नाय, लोभ नाय. पाप तिचा नाय, माजा नाय, संचिताचा तर नायच." सीतेचा आवाज चढला. "आंब्याच्या कलमार बांडगूळ इला तर तुमी काय करतास? कोयतो घेतास. कोनी करणी केल्यान, ता इचारूक बसतास? मगे बायलेच्या जिवाक येगळो न्याय कित्याक?" ती बायकांकडे वळली. "तुमच्यातल्या कोनाक गाठ लागली तर आदी डॉक्टरीक दाखवा गो. बोटाक जा लागता, ता कापसान जाना नाय."

महाराज चपला शोधत होते. बायकांनी वाट अडवली होती.

सीतेनं हात धुतले. भीती गेली नव्हती, पण आता तिला राग जास्त होता.

"गुरवारची सकाळची एसटी," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी येतालास, काय मी संचिताक घेवन जाव?"

परशुराम खाली बघत म्हणाला, "तिघांय जावया. आदी घराक चल. संचिताक चाय टाकूक सांगतंय."