शाल, नारळ आणि एक जुनी गादी

नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटलं की मला उखाणा लागतो, पण इथं अडून बसले तर गोष्ट पुढं सरकायची नाही. तर आमचे मालक अण्णाराव. वय सत्तर, अक्कल त्या मानानं बेताची. लातुरात कोचिंगच्या पोरापोरींची दाटी झाली तेव्हा आम्ही वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या आणि मी खाली मेस सुरू केली. तिथं राहायला आली अलीझा, हिमायतनगरची, डॉक्टर व्हायला निघालेली.

पोरगी गुणाची, पण तिला एक खोड होती. ती आभार मानायची. पोळी वाढली की आभार, पाणी दिलं की आभार. पहिल्या दिवशी माझ्या काळजात धस्स झालं. मला वाटलं, ही दुसरी मेस बघून आलीय. मग कळलं की तिच्या क्लासमधल्या सरांनी सांगितलंय, रोज कुणाचे तरी मनापासून आभार माना, परीक्षेचं टेन्शन उतरतं. तिचं उतरत असेल. माझं चढलं.

मालकांना मात्र हे फार पटलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, आपण पाशाचे कधी आभारच मानले नाहीत.

पाशा म्हणजे पाशामियाँ, समोरचे गादीवाले, पुढं दुकान आणि मागं घर. भूकंपाच्या वर्षी अख्खं लातूर भीतीनं घराबाहेर झोपत होतं. आमच्या भिंतीला चीर गेलेली, म्हणून आम्ही मैदानात प्लास्टिकखाली, आणि त्यात पाऊस. अंथरुणाचा चिखल झाला. माझी शिल्पा तेव्हा तान्ही होती. पाशामियाँ कुठूनशी एक कोरडी गादी डोक्यावर घेऊन आले. दुकानात पडून होती, उंदरांनी खाण्यापेक्षा तुम्ही वापरा, म्हणाले. तेव्हापासून रोज असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाली की ते आमच्या पायरीवर चहाला येतात आणि दोघं भांडतात. पावसावरून, तुरीवरून, कुणाचा गुडघा जास्त दुखतो यावरून. भांडून झालं की दोघांनाही छान भूक लागते.

एवढं सुरळीत चाललेलं. पण एका शुक्रवारी मालक शाल, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाइकांदेखत त्यांनी पाशामियाँच्या गळ्यात हार घातला, घसा खाकरला आणि भाषण ठोकलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "मी आपला अत्यंत आभारी आहे."

जन्मात पहिल्यांदा पाशाला 'आपला' म्हणाले.

आता आपल्याकडे आभार कधी मानतात? कार्यक्रम संपला की. आभारप्रदर्शनाला माणूस माइकसमोर उभा राहिला की लोक चपला शोधायला लागतात. आणि शाल-नारळ तर निवृत्त होणाऱ्याला देतात. पाशामियाँनी घ्यायचा तोच अर्थ घेतला. त्या संध्याकाळी ते चहाला आले नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत, आठवडा गेला तरी नाहीत.

मालक पायरीवर बसून समोरच्या बंद दाराकडे बघत राहायचे. जेवण तुटलं. गुडघा दुखायचा, पण त्यात काही राम राहिला नव्हता. शेवटी माझ्याशी भांडायला आले. मी दोन वाक्यांत जिंकते, त्यामुळे तिथंही त्यांना मजा येईना. माझा माणूस वाळत चाललेला बघून मला खरंच धास्ती वाटायला लागली.

एक दिवस मागच्या दारानं पाशामियाँची बायको, खातूनबी आली. "साखरा, खरं सांग," ती मला म्हणाली. "डाक्टरनं आमच्या माणसाबद्दल अण्णाला काही सांगितलंय का? ती शाल पांघरून पडून राहिलाय नुसता. म्हणतो, अण्णानं हार घालून रवाना केलं मला."

अलीझा दारात उभी होती. सगळं आपल्यामुळं झालं म्हणून रडायला लागली, आणि काकांना माफी मागायला पाठवा, म्हणाली. मी म्हटलं, बाई, आभारानं पाशामियाँनी अंथरूण धरलंय, माफीनं कबर गाठतील.

मग मी मालकांना हुकूम सोडला. ती जुनी गादी काढा आणि जाऊन भांडा.

गादीचं एक टोक मालकांनी धरलं, दुसरं अलीझानं. समोरच्या दारात आपटली तशी धुळीचा लोट उठला. मालक ओरडले, "पाशा, ही कसली गादी दिलीस रे? तीस वर्षं माझी मान दुखून राहिली. नुसते गोळे हायत हिच्यात."

 दार उघडलं आणि शाल भिरकावून पाशामियाँ बाहेर आले. "गोळे? माझ्या गादीत गोळे? तुझ्या डोक्यात हायत गोळे."

आठवडाभर अंथरुणाला खिळलेला माणूस गल्लीत फतकल मारून बसला आणि गोळे दाखव म्हणत कात्रीनं खोळ टराटरा उसवायला लागला. खोळीच्या आत आणखी एक खोळ निघाली. विटलेली, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे पोपट.

खातूनबी पुढं आली. पोपटावरून बोट फिरवत म्हणाली, "ही तर माझ्या जहेजाची गादी, माहेरून आलेली. पावसात भिजली म्हणून फेकून दिली, म्हणाला होतात. त्या साली आपण पोत्यावर झोपलो."

पाशामियाँ कात्री शोधायला लागले. कात्री त्यांच्या हातातच होती.

मालक हात जोडायला लागले. आभार त्यांच्या घशाशी आलेले मला स्वच्छ दिसले. मी त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला. त्यांनी आवंढा गिळला.

"तरीच," ते म्हणाले. "वापरलेला माल माझ्या गळ्यात मारलास. उद्या चहाला ये, बघतो तुझ्याकडं."

"उद्या कशाला?" पाशामियाँ म्हणाले. "आज तुझ्याकडं चहा बंद हाय का?"

मी पदरानं डोळे पुसले आणि कापूस गेला म्हणून सांगितलं. चहा झाला, भांडण झालं, आणि दोघांनाही भूक लागली म्हणून सगळ्यांची ताटं मी आमच्याकडेच मांडली. अलीझानं पहिला घास घेतला आणि जरा थांबली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "डाळीत मीठ लई पडलंय आज."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पोरगी घरातली झाली. मी तिच्या भातावर तुपाची धार जरा जास्तच धरली. तिनं सवयीनं तोंड उघडलं, मी डोळे वटारले, आणि तिनं आभार तुपासकट गिळले.