छतातले दिवे

साहेबराव आणि बद्रीनाथ हे हसनाबादचे सख्खे भाऊ. थोरला साहेबराव जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीचं गोदाम सांभाळायचा, धाकटा बद्रीनाथ झेडपीच्या शाळेत मास्तर होता. दोघांनी मिळून जालन्याबाहेरच्या नव्या वसाहतीत एक प्लॉट घेतला, मधोमध वाटला आणि दोन घरं काढली. भांडण नसताना वेगळं झालेलं बरं, असं साहेबरावच म्हणाला होता.

त्यांच्या बायकांना मात्र इतकंही वेगळं व्हायचं नव्हतं. थोरली कांताबाई आणि धाकटी गिरिजा यांनी कडूबा मिस्त्रीला सांगून दोन्ही स्वयंपाकघरं मधल्या बोळीवर घेतली आणि खिडक्या समोरासमोर ठेवायला लावल्या. कडूबा म्हणाला, अशानं एकमेकींचं सगळं दिसेल. गिरिजा म्हणाली, दिसावं म्हणूनच. बोळ एवढी अरुंद होती की हात लांब केला तर कालवणाची वाटी इकडून तिकडे गेली असती.

दोन्ही घरांचे स्लॅब टाकून झाले आणि साहेबरावच्या मुलीचं लग्न निघालं. बद्रीनाथनं शाळेतून रजा काढली. लग्नाच्या दिवशी सकाळपासून तो आचाऱ्यांच्या मागे होता; भात कमी पडतो का, वाढपी कुठे गेले, सगळं तोच पाहत होता. तिकडे मांडवात फेटे बांधणं चाललं होतं. नवरदेवाकडून सांगितल्यापेक्षा जास्त माणसं आली आणि फेटे त्यांच्यात संपले. घाम पुसत बद्रीनाथ मांडवात आला तेव्हा पाहुण्यांच्या जीपच्या ड्रायव्हरच्या डोक्याला फेटा होता आणि मुलीच्या सख्ख्या चुलत्याचं डोकं बोडकं होतं. भावकीतल्या कुणीतरी थट्टेनं विचारलं, "मास्तर, तुम्ही कोणाकडचे?" तो हसला. पण जेवला नाही, आणि पाठवणीच्या आधीच गिरिजाला घेऊन निघून गेला.

हे साहेबरावला कळलं ते पाहुणे पांगल्यावर. कांताबाई म्हणाली, जाऊन या, चांगला फेटा घ्या, आपल्या हातानं बांधा. साहेबरावला ते पटत होतं, पण जमत नव्हतं. मुलीच्या बापाला त्या दिवशी काय काय सुचणार, घरच्या माणसानं समजून घ्यायला नको का, असं तो म्हणत राहिला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दिवस गेले.

मग एका सकाळी तो घराला पाणी मारायला गेला, तर समोरची खिडकी विटांनी बुजवलेली. बद्रीनाथनं कडूबाला बोलावून ते काम करून घेतलं होतं. साहेबराव पाणी न मारताच परतला. दुसऱ्या दिवशी त्यानंही कडूबालाच बोलावलं. कांताबाईला कळलं तेव्हा खिडकीच्या जागी ओला गिलावा होता.

आता त्या स्वयंपाकघराला बाहेरची दुसरी भिंतच नव्हती. एका बाजूला बैठक, दुसऱ्या बाजूला देवघर, मागे जिना. भरदुपारी आत गेलं तर ओटा कुठे नि मोरी कुठे, कळेना. साहेबरावला ते खात असणार, कारण त्यानं स्वतःहून उपाय शोधला. कंपनीच्या मॅनेजरच्या घरी पीओपीचं छत होतं आणि छतात गोल दिवे बसवलेले होते. बल्ब दिसत नाही, नुसता उजेड खाली पडतो. आपणही तसंच करू, असं तो म्हणाला. 

धान्याच्या मोंढ्याकडच्या दुकानात दोघं दिवे पाहायला गेले. कांताबाईनं रुमालात मूठभर तुरीची डाळ बांधून घेतली होती, न निवडलेली. ज्या उजेडात खडा दिसेल तो दिवा घ्यायचा, एवढं तिचं ठरलं होतं. दुकानात शिरली तर काउंटरपाशी गिरिजा उभी. बद्रीनाथ रस्त्याच्या पलीकडे गाडीवर बसून होता. साहेबराव त्याला पाहून दाराशीच थांबला आणि भिंतीवरचे पंखे बघू लागला.

लग्नानंतर जावा पहिल्यांदाच भेटत होत्या. गिरिजानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून पाया पडली. दुकानदाराला वाटलं, दोघी एकाच घरच्या. वर फळीवर बसवलेले दिवे त्यानं एकेक लावून दाखवले. पिवळा उजेड देणारा छोटा हॅलोजन, पांढरा उजेड देणारा सीएफएलचा. कांताबाईनं काउंटरवर रुमाल सोडला. गिरिजानं डाळ पाहिली आणि न सांगता बोटांनी पसरली. दोघी वाकून निवडू लागल्या. पिवळ्या उजेडात डाळ छान दिसत होती, पण खडा डाळीत मिसळून जायचा. पांढऱ्यात लगेच वेगळा दिसला.

"पांढराच घे," कांताबाई म्हणाली. "पिवळ्यात खडा दिसून न्हाई राह्यला."

"तुम्ही म्हणता तर बराबर, अक्का."

दुकानदारानं विचारलं, खोली केवढी आहे, खिडक्या किती आहेत. त्या हिशेबानं दिवे सांगतो.

 मग गिरिजा म्हणाली, "खिडकी न्हाई."

कांताबाईला वाटलं, आता बोलावं. तू तुझ्या खिडकीच्या विटा काढ, मी माझ्या काढते. कडूबाला उद्याच बोलवू. शब्द ओठावर आले होते. पण दाराशी नवरा उभा होता, पलीकडे दीर बसलेला, आणि दुकानात चार माणसं. तिनं डाळ रुमालात भरली. दुकानदारानं दोघींना सारखेच दिवे बांधून दिले.

दोन्ही घरांच्या वास्तुशांत्या वेगवेगळ्या दिवशी झाल्या. कांताबाईचं स्वयंपाकघर लोकांना फार आवडलं. बायका मान वर करून दिवे बघायच्या. पुढे लोडशेडिंग वाढलं, दिवसाचीही लाइट जाऊ लागली. मग ती भरदुपारी रॉकेलची चिमणी लावून भाकरी थापायची. कधी भिंतीपलीकडून पोळपाटाचा आवाज आल्यासारखा वाटे. ती हात थांबवून ऐकायची.

तीनेक वर्षांनी बद्रीनाथनं केदारखेड्याला बदली मागून घेतली आणि घर विकायला काढलं. जाणंयेणं जमत नाही, असं तो लोकांना सांगायचा. सामानाचा टेम्पो लागला त्या दिवशी कांताबाईला राहवलं नाही. ती शेजारच्या घरात गेली, पहिल्यांदाच. स्वयंपाकघर रिकामं होतं, मांडण्यांच्या खुणा भिंतीवर राहिल्या होत्या. गिरिजा शेगडीची नळी सोडवत होती. तिनं नळी परत बसवली आणि चहा टाकला.

चहा पिताना ती म्हणाली, "त्या दिवशी दुकानात मला वाटलं, तुम्ही काही बोलताल. तुम्ही मोठ्या."

"बोलणार होते गं."

"मंग?"

कांताबाईनं उरलेला चहा संपवला.  कप विसळून गिरिजानं पाटीत ठेवले.

टेम्पो निघाला तेव्हा साहेबराव गच्चीवर होता. तो खाली आला नाही. पण त्या दिवसापासून तो अधूनमधून म्हणू लागला की एकदा केदारखेड्याला जाऊन यायला पाहिजे. कांताबाई प्रत्येक वेळी म्हणायची, जाऊ. पुढच्या दिवाळीत दोघं खरंच गेले.

बद्रीनाथ दारात सामोरा आला. त्यानं पाय धुवायला पाणी दिलं, खुर्चीवर धुतलेली चादर टाकली. गिरिजानं करंज्या, चिवडा, सगळं पुढे ठेवलं. पाऊसपाणी झालं, शाळा झाली, कापसाचा भाव झाला. कुठेच काही कमी पडलं नाही. निघताना साहेबराव म्हणाला, "बद्री, येत जा रे घरी."

लहानपणापासून 'दादा, तू' म्हणणारा बद्रीनाथ फाटकापर्यंत पोचवायला आला. "येऊ की," तो म्हणाला. "तुम्हीबी येत जा, सवड काढून."

एसटीत साहेबराव खिशातलं तिकीट काढून पुन्हा पुन्हा घडी घालत बसला. गाव मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, "'तुम्ही' म्हणला गं तो मला."

कांताबाईनं ऐकलं होतं. ती म्हणाली, "हं."