कानबाईकडे मागितलेलं

नोकरी गेल्याचं आपल्याला दुःख झालंय की नाही, हेच हितेंद्रला कळत नव्हतं. चटईच्या कारखान्यात माणसं कमी करायला घेतली, तेव्हा बाकीचे दोघे सुपरवायझर मालकाशी तावातावानं भांडले आणि टिकले. हा 'बरं' म्हणून पिंप्राळ्याला घरी आला आणि त्यानं पलंगच धरला. घ्या! नोकरीमागोमाग झोप गेली, भूकही गेली.

जळगावात कुणी बघायला नको, म्हणून त्यानं धुळ्याला, देवपुरातले मनाच्या आजारांचे डॉक्टर गाठले.

"लहानपणी स्वभाव कसा होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"शांत." घरात सगळे तेच सांगत आलेले.

"राग येतो?"

शेवटचा कधी आला होता, काही केल्या आठवेना. "घरी विचारून या," डॉक्टर म्हणाले.

तिथंच जवळ धुरपदाआत्याचं घर. चहा घेता घेता त्यानं विषय काढला, तर आत्या हसतच सुटली. "तू नि शांत? कोनी सांगं तुले? तू रडना का बठ्ठी गल्ली गोया व्हयी जाये." म्हणे, हा रडला की सगळी गल्ली गोळा व्हायची. आपल्या मनगटावरचा त्याच्या दातांचा वणही तिनं दाखवला.

परतीच्या एसटीत डोक्याचा पार भुगा झाला. चावणारं पोर खरं, की पलंगावरचा हा गडी खरा? डॉक्टरांना सांगायचं तरी काय?

घरी आई, सुमनबाई, जेवायला वाढत होती. त्यानं विचारलं तसा तिचा हात थांबला.

"होतास तापट. तुझे बाबा पट्टा काढायचे. एखाद दिवशी जिवानिशी जाशील, अशी धास्ती वाटायची मला. श्रावणात कानबाई बसवली होती. विसर्जनाला निघताना तिची ओटी भरली आणि म्हटलं, जाताना पोराचा राग सोबत ने, माय. त्यानंतर तू गप्पच झालास. मी गल्लीत पेढे वाटले." तिनं पळी खाली ठेवली. "रागासोबत अजून काही नेलं का रे तिनं?"

"कशाला मागितलंस?" तो पुटपुटला. मग ओरडलाच, "मला विचारलं होतंस?" आणि समोरची थाळी भिंतीवर जाऊन आदळली. कॅलेंडरवरून वरण ओघळायला लागलं. स्वतःच्याच आवाजाला तो घाबरला. आता आई रडणार, असं त्याला वाटलं.

सुमनबाई रडली नाही. देव्हाऱ्याकडे वळून तिनं हात जोडले आणि दुसरी थाळी घेतली.

हितेंद्रला काही उमजेना. माफी मागायला म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि भाकरी मागितली.