नानांच्या उशाची घंटी

रविवारच्या गटात त्याने ती हकिकत विनोद म्हणून सांगितली, आणि ती रंगलीही. एका सभासदाच्या रिकाम्या गॅरेजात लांब टेबलाभोवती ही हौशी मंडळी जमत. कुणी छायाचित्रकार, कुणी दातांची डॉक्टरीण. तो स्वतः विमा कार्यालयात दाव्यांची छाननी करणारा. पोटापाण्याचा संबंध नसल्यामुळेच सर्किटांवर सगळ्यांचा जीव होता.

"सासरे, म्हणजे नाना, आमच्याकडेच असतात," तो सांगत होता. "खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. मी त्यांच्या उशाशी कळ बसवून दिली. नुसता स्पर्श पुरे, स्वयंपाकघरात घंटी चांगली खणखणीत वाजते. आता म्हातारबुवांना चटक लागलीय! आम्ही पानावर बसलो रे बसलो, की वाजलीच. घास टाकून धावावं, तर म्हणतात, 'मी कुठे वाजवली?'"

"म्हणजे सर्किट ठणठणीत, सासरे नादुरुस्त," छायाचित्रकार म्हणाला, आणि टेबलावरचे सगळे चहाचे कप हसण्याने हलले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याने काढून आणलेली आकृती स्वतःकडे ओढून घेतली होती. कवळी तपासावी तशा त्या कागद तिरपा धरून पाहत होत्या. "कळ दाबलेली नसते, तेव्हा ही तार कुठे असते हो?"

"कुठे म्हणजे?"

"म्हणजे कशाला तरी टेकलेली असते, की अधांतरी लोंबते? इथे मला रोध दिसत नाही."

"आहे, आहे. कागदावर काढायचा राहिला," तो म्हणाला.

रोध नव्हता. बाईंनी विचारलं त्या क्षणी त्याला ते कळलं, आणि तरी जीभ खोटं बोलून मोकळी झाली होती.

चूक अगदी पहिल्या धड्यातली होती. कळ दाबली की चिपच्या पायाला वीज मिळते; पण कळ मोकळी असताना त्या पायाला 'आता काही नाही' हे निश्चितपणे सांगणारं कुणीतरी लागतं. ते काम एक लहानसा रोध, म्हणजे रेझिस्टर, करतो. तो पायाला शून्याशी बांधून ठेवतो. तो नसला, तर तार भोवतालच्या कुठल्याही विजेच्या झटक्याला हुंकार देते. कामाच्या टेबलावर त्याने वीतभर तारेने चाचणी घेतली होती, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. घरात तीच तार नानांच्या खोलीतून निघून, दाराच्या चौकटीवरून, फ्रीजच्या पाठीमागून स्वयंपाकघरात गेली होती. शिवाय नानांच्या बोटांत जोर नाही म्हणून त्यानेच अशी योजना केली होती, की निमिषभराचा स्पर्शसुद्धा घंटी बराच वेळ वाजवत ठेवील. या योजनेचं त्याला फार कौतुक होतं.

तरीही घरी परतताना तो स्वतःशी वाद घालत राहिला. शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, हे वाक्य तो कचेरीत रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असे.

पुढल्या सुट्टीला बायको नानांना चाकाच्या खुर्चीतून क्ष-किरण तपासणीला घेऊन गेली, तेव्हा घर रिकामं झालं. त्याने नानांच्या उशाशी जाऊन कळच तारेपासून सोडवली आणि स्वतःच्या खिशात टाकली. आता त्या खोलीत दाबायला काही नव्हतं आणि दाबणारंही कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात येऊन त्याने फ्रीजचं दार उघडलं, थंडाव्याची चकती फिरवली आणि वाट पाहिली. मोटार घरघरली. त्याच क्षणी डोक्यावर घंटी कडाडून वाजू लागली.

त्याने ती वाजू दिली. चादर नीट घातलेला रिकामा पलंग त्याला उघड्या दारातून दिसत होता. मोटार बंद करून त्याने पुन्हा चालू केली. घंटी पुन्हा वाजली. जेवताना बायको ताक, लोणी काढायला फ्रीज उघडत असे, आत उकाडा शिरे, मोटार सुरू होई, आणि तो पानावरून उठत म्हणे, "आलं बघ बोलावणं."

काय काय बोलला होता तो! "नाना, तुम्ही काही लहान नाही." "तिनं दोन घास सुखानं खाऊ नयेत का?" शाळेत मैदानावर आयुष्यभर शिट्टी वाजवलेला तो माणूस सुरुवातीला ताठपणे म्हणाला होता, "जावईबापू, मी हात लावलेला नाही." मग काही दिवस त्यांनी थट्टेवर नेलं: "पूर्वी शिट्टी ऐकून पोरं पळायची, आता घंटी ऐकून लेक पळते." आणि शेवटी, बायकोने काकुळतीला येऊन विचारल्यावर, ते खालच्या आवाजात म्हणाले होते, "हात आपोआप जात असेल, बाळ. मला कळत नसेल." लेकीच्या घरी राहणाऱ्या माणसाला याहून निराळं काय म्हणता आलं असतं? त्या कबुलीनंतरच बायकोने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती.

तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा रोध त्याच्या खणात पडून होता. तो डाख देऊन जोडायला काहीच वेळ लागला नाही. मोटार सुरू झाली, बंद झाली. घंटी गप्प राहिली. त्याने कळ पूर्ववत जोडली आणि हात धुतले. बायको परत आल्यावर सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण ती दमून आली, नानांचा खुबा ठणकत होता, आणि सांगणं राहिलं. दुसऱ्या दिवशी ते अधिक अवघड झालं.

जेवणं आता निवांत होऊ लागली. "तुमचं बोलणं लागलं बरं का नानांना," बायको म्हणाली. "हल्ली अजिबात वाजवत नाहीत. म्हणजे कळत होतं त्यांना, नाही का? तरी डॉक्टरांना एकदा दाखवूच."

त्याने भाजी वाढून घेतली. चूक दुरुस्त करून त्याने नानांवरचा आळ पक्का केला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथे तर चोरच संन्याशाला सुळावर चढवत होता.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या सकाळी नानांनी त्याला हाक मारली. घंटी नव्हे, हाक, तीही तो दारावरून जाताना पाहून.

"जावईबापू, कचेरीची घाई नसेल तर जरा बसता? माझी तयारी ऐका."

"कसली तयारी?"

"उद्याची. शेजारचे म्हणत होते, तिथे शंभरातून सात सात वजा करायला लावतात. चुकलो तर लेक घाबरेल." त्यांनी उशीला पाठ टेकून डोळे मिटले. दाढी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. हनुवटीखाली एक पट्टा सुटला होता. "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी... बरोबर?"

"बरोबर."

"बहात्तर." मग ते थांबले. बोटं चादरीवर हलली. "थांबा हं, सांगू नका. येईल मला."

"नाना, बस करा."

"चुकलं का?"

"नाही. तुमचं काहीच चुकलं नाही." तो उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. "घंटी तुम्ही वाजवत नव्हता. माझ्या सर्किटात दोष होता. फ्रीज सुरू झाला की ती आपोआप वाजायची. मी तपासून पाहिलं. तुम्ही घरात नव्हता, कळ माझ्या खिशात होती, तरी वाजली."

नानांनी डोळे उघडले. "कधी तपासलंत?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "तुमच्या क्ष-किरणांच्या दिवशी."

"त्याला बरेच दिवस झाले."

"हो."

"आणि मी मात्र इथे पाढे म्हणतोय." आवाज चढला नव्हता. ते खिडकीकडे पाहत राहिले. "रात्री मी हा हात अंगाखाली दाबून झोपत होतो, जावईबापू. चुकून जाऊ नये म्हणून."

त्याने क्षमा मागितली. शब्द बरोबर होते, आणि बोलता बोलताच ते त्याला पोकळ वाटले. नानांनी मान हलवली; माफ केलं असा तिचा अर्थ होता की पुरे असा, ते त्याला कळलं नाही.

"एकदा मात्र मीच वाजवली होती," नाना म्हणाले. "दुपारी. भांडं पाहिजे होतं. आतून आवाज आला, 'वाजू दे.' मग मी नाही वाजवली पुन्हा. चादर कशी ओली झाली, ते तिला पाणी सांडलं म्हणून सांगितलं. कोण बोललं ते काही नीट ऐकू आलं नाही."

कोण बोललं ते त्याला आठवत होतं. बोलली होती बायको. पण तसं बोलायला शिकवलं होतं त्याने.

ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. त्याने तिला तिथेच उभ्याने सगळं सांगितलं: रोध, गॅरेजात मारलेली थाप, रिकामा पलंग, आणि नंतरचे आपल्या गप्प राहण्याचे दिवस. चादरीची गोष्ट त्याने वगळली. पिठाचे हात परातीत तसेच राहिले.

"उद्याची वेळ रद्द करा," ती अखेर म्हणाली. "तुम्हीच फोन करा. कारण विचारलं तर खरं सांगा."

"करतो."

"आणि त्या तुमच्या गटातसुद्धा सांगा. हसले होते ना सगळे?"

"सांगतो."

ती पुन्हा मळू लागली, आणि एकदम थांबली. "एका दुपारी... आपण जेवत होतो, आणि मी म्हटलं होतं, 'वाजू दे.' त्याच दिवशी चादर बदलली मी." तिने त्याच्याकडे पाहिलं. "ती फ्रीजचीच घंटी होती ना हो?"

होकार द्यायला फक्त मान हलवावी लागली असती. नानांनी त्यासाठी वाटही करून ठेवली होती.

"नाही," तो म्हणाला. "ती त्यांची होती."

"ऐकू गेलं त्यांना? मी म्हटलेलं?"

"गेलं."

तिने नळाखाली हात धरले. पीठ सुटेपर्यंत बोटं एकेक करून चोळली, पदराला पुसली, आणि त्याच्याकडे न पाहता ती नानांच्या खोलीत गेली. तो तिच्यामागून गेला नाही. फोन उचलून त्याने डॉक्टरांचा नंबर फिरवला, आणि पलीकडून कुणीतरी "बोला" म्हणेपर्यंत, कुठून सुरुवात करायची ते तो जुळवत उभा राहिला.